निळ्या रंगाचा लांबचा प्रवास

डहाणू रोडहून दक्षिणेकडे निघालं की वाणगावनंतर बोईसर येतं. तिथे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. उत्तरेकडे निघालं तर घोलवड, उंबरगाव, संजाण, भिलाड करत गाडी वापीला पोचते. दोन्ही टोकांना रसायनांचे कारखाने. रंग, रंगांसाठी लागणारी कच्ची रसायनं, औषधं. मधल्या पट्ट्यात डहाणूच्या चिकूच्या वाड्या, खाजणं आणि खाड्या, तलासरीची डोंगराकडे सरकत जाणारी भातशेती आणि पाडे. केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, लाल वर्गातल्या कारखान्यांना बंदी केली आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा राखीव पट्टा आखला. म्हणून तर दोन्हीकडून येणारा रंगांचा वास इथे थांबला.

वीजनिर्मिती मात्र थांबली नाही. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं. त्याची सुमारे २७५ मीटरची चिमणी दूरवरून दिसते, आणि तिथली वीज जाते मुंबईच्या उपनगरांना. रंगाचे कारखाने आणि वीज, या दोन गोष्टी इथल्या माणसाच्या मनात शेजारी शेजारी उभ्या असतात, पण त्यांचं नातं कुणी जोडत नाही. मला ते जोडायचं आहे, कारण गेल्या चाळीस वर्षांत विज्ञानाने ते खरोखर जोडलं. ज्या रसायनशास्त्राने कापड आणि मोटारी रंगवल्या, त्यातूनच उन्हाची वीज करणारे रेणू निघाले. त्यांतला अवघड रेणू म्हणजे इलेक्ट्रॉन स्वीकारणारा, ग्राही रेणू. हा इतिहास त्याचा आहे.

सुरुवात एका फुटक्या भांड्यापासून करावी लागते. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंग कारखान्यात थॅलिक अ‍ॅनहायड्राइडवर अमोनिया सोडून थॅलिमाइड करण्याचं काम चालू होतं. भांड्याच्या आतल्या काचेच्या अस्तराला तडा गेला, आतलं लोखंड उघडं पडलं, आणि पांढऱ्या मालात गडद निळसर मळ दिसू लागला. मळ म्हणून तो टाकून देता आला असता. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी तो जपून ठेवला, तपासला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात रेजिनाल्ड लिन्स्टेड यांनी त्याची रचना उलगडली आणि त्या कुळाला थॅलोसायनिन हे नाव दिलं. लोखंडाच्या जागी तांबं घातलं की मिळतो तो झगझगीत, उन्हात न विटणारा निळा. १९३५ च्या सुमारास तो मोनास्ट्रल ब्लू या नावाने बाजारात आला. छपाईची शाई, दुकानांच्या पाट्या, प्लास्टिकच्या बादल्या, निळं काही दिसलं की बहुधा तो हाच. उन्हात न विटणं हा गुण इथे लक्षात ठेवायचा, कारण पुढे याच गुणासाठी शास्त्रज्ञ रंगांच्या दाराशी आले.

महाराष्ट्रात या विद्येची पेढी जुनी आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मुलं यूडीसीटी म्हणत आली, १९३३ साली सुरू झाला. त्याचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन हे रंगांचे रसायनतज्ज्ञ. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ पासून निघू लागला आणि पुढे खंडामागून खंड वाढत गेला; जगभरच्या प्रयोगशाळांत तो संदर्भासाठी उघडला जाई. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. म्हणजे रेणूतली कुठली जागा बदलली की तांबड्याचा जांभळा होतो आणि जांभळ्याचा निळा, हे माटुंग्याच्या यूडीसीटीत आणि पाषाणच्या या प्रयोगशाळेत शिकवलं जात होतं. रेणू कुठला प्रकाश पितो ते ठरवणं म्हणजेच रंग ठरवणं. सौर घटाची अर्धी विद्या हीच आहे.

उरलेली अर्धी सापडायला १९८६ उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत चिंग टँग यांनी दोन रंगांचे दोन पातळ थर एकावर एक बसवले. खाली ग्रेंजमाउथच्या कुळातलं तांब्याचं थॅलोसायनिन, वर पेरिलीन कुळातलं तांबडं रंगद्रव्य. दोन्ही थर मिळून शंभर नॅनोमीटरसुद्धा जाड नव्हते. उन्हाच्या सुमारे एक टक्का ऊर्जेची त्यातून वीज झाली. बेल प्रयोगशाळेच्या सिलिकॉन घटाने १९५४ सालीच सहा टक्के गाठले होते, त्यापुढे हा एक टक्का किरकोळ दिसेल. पण तोवरच्या सेंद्रिय घटांत एकच थर असे आणि त्यांतून जवळजवळ काहीच निघत नसे. टँग यांनी दोन थर का लावले हे समजलं की पुढचा सगळा इतिहास समजतो.

सिलिकॉनवर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन सुटतो आणि मोकळा हिंडतो. सेंद्रिय रंगात तसं होत नाही. प्रकाशाने उठलेला इलेक्ट्रॉन आपल्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागेला बांधलेलाच राहतो. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. खोलीतली उष्णता तिला तोडू शकत नाही, कारण बंध तिच्या दहापट-वीसपट बळकट असतो. जोडी थोडी सरकते, सुमारे दहा नॅनोमीटर, आणि मग मावळते. ऊर्जा वाया जाते. जोडी तोडायची तर तिच्या वाटेत असा रेणू हवा, ज्याला इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ जास्त आहे. देणारा तो दाता, घेणारा तो ग्राही. टँग यांच्या घटात थॅलोसायनिन दाता होतं आणि पेरिलीन ग्राही. दोघांच्या सीमेवर जोडी तुटली. सीमेपासून लांब जन्मलेल्या जोड्या मात्र वाटेतच संपल्या.

यावर उपाय काय, ते डहाणूच्या खाजणात उभं राहिलं की कळतं. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी शेकडो फाट्यांनी जमिनीत शिरतं. एक मोठी नदी असती तर बरीच माणसं पाण्यापासून दूर राहिली असती; पण फाट्यांमुळे कुठेही उभे राहा, दहा पावलांवर पाणी असतंच, आणि प्रत्येक फाटा शेवटी समुद्राला जाऊन मिळतो. दाता आणि ग्राही असेच एकमेकांत शिरले, प्रत्येक जोडीला दहा नॅनोमीटरच्या आत सीमा मिळाली आणि दोन्हींच्या वाटा आपापल्या टोकाच्या इलेक्ट्रोडपर्यंत अखंड राहिल्या, तर काम होईल. हे साधलं १९९५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरात, दोघांचं एकत्र द्रावण करून आणि ते सुकवून. पण त्यासाठी ग्राही म्हणून निवड झाली ती रंगाच्या घराण्याबाहेरच्या एका पाहुण्याची.

हा पाहुणा म्हणजे साठ कार्बन अणूंचा चेंडू, फुलरीन. हॅरल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांना तो १९८५ मध्ये टेक्सासातल्या राइस विद्यापीठात सापडला. त्याबद्दल १९९६ चं नोबेल त्यांना मिळालं. सांता बार्बरात नियाझी सरीचिफ्ची, अ‍ॅलन हीगर, फ्रेड वुडल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं की विद्युतवाहक पॉलिमरवर प्रकाश टाकला की त्याचा इलेक्ट्रॉन विलक्षण वेगाने फुलरीनवर उडी घेतो. पुढच्या मोजण्यांत ही उडी पन्नासेक फेम्टोसेकंदांत होते असं आढळलं. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग. इतक्या झटपट उडीपुढे ऊर्जा वाया जायला वेळच उरत नाही. अडचण एकच होती, नुसता चेंडू द्रावणात नीट विरघळत नाही. १९९५ मध्ये यान हुमेलेन आणि वुडल यांच्या गटाने त्याला एक सेंद्रिय शेपटी जोडली. तो झाला पीसीबीएम. पुढची वीस वर्षं सेंद्रिय सौर घट म्हटलं की ग्राही म्हणून पीसीबीएम किंवा त्याची भावंडं, हे गृहीत धरलं गेलं.

या वीस वर्षांबद्दल माझं मत थोडं कठोर आहे. फुलरीनने क्षेत्र उभं केलं, हे निर्विवाद. पण त्याच्या यशाने सगळ्यांचं लक्ष दात्याकडे वळवलं. जगभरच्या प्रयोगशाळांनी शेकडो नवे दाते पॉलिमर घडवले आणि ग्राही तोच ठेवला. फुलरीनचे दोष ठाऊक होते. तो दृश्य प्रकाश फार कमी शोषतो, म्हणजे थराचा मोठा भाग उन्हाला जवळजवळ पारदर्शक. त्याची ऊर्जापातळी हवी तशी वरखाली सरकवता येत नाही. काळ गेला की चेंडू एकत्र गोळा होतात आणि खाडीचे फाटे बुजतात. एवढं माहीत असूनही ग्राही बदलला नाही; कार्यक्षमता दशकभरात तीनवरून दहा-अकरा टक्क्यांवर गेली आणि तिथे अडकली. याच काळात उद्योगाने हात पोळून घेतले. भारतातून अमेरिकेत गेलेले रसायनतज्ज्ञ सुकांत त्रिपाठी यांच्या संशोधनातून मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल येथे २००१ मध्ये कोनार्का ही कंपनी निघाली. नाव कोणार्कच्या सूर्यमंदिरावरून. कंपनी उभी राहण्याआधीच, डिसेंबर २००० मध्ये, त्रिपाठी हवाईच्या समुद्रात बुडून गेले. कंपनीने प्लास्टिकवर छापलेले सौर पत्रे विकायचा प्रयत्न केला आणि २०१२ मध्ये दिवाळं काढलं. तोवर सिलिकॉन इतकं स्वस्त झालं होतं की अपुऱ्या कार्यक्षमतेच्या पत्र्याला जागाच नव्हती.

बाकीच्यांनी दात्यांवर काम केलं तेव्हा काही माणसं ग्राहीला चिकटून राहिली, आणि ती मुख्यतः रंगांच्या कुळात शोधत होती. पेरिलीन डायइमाइड, त्याचा धाकटा भाऊ नॅप्थलीन डायइमाइड, आणि मोटारींच्या लाल रंगासाठी प्रसिद्ध झालेलं डायकीटोपायरोलोपायरोल, म्हणजे डीपीपी. हे रंग टिकाऊ, घडवायला सोपे आणि इलेक्ट्रॉनची ओढ असलेले. पण त्यांचे रेणू सपाट असतात. सपाट रेणू ताटांसारखे एकमेकांवर रचले जातात, मोठमोठे स्फटिक होतात, आणि दहा नॅनोमीटरची अट मोडते. मग त्यांना वाकवायचं कसं, हा प्रश्न उरतो.

या वाकवण्याच्या कामात मराठी आडनावंही आहेत. नॅप्थलीन डायइमाइडवर शेषनाथ भोसले आणि सिद्धनाथ भोसले यांनी दीर्घकाळ काम केलं. २०१६ मध्ये ‘केमिकल रिव्ह्यूज’मध्ये आलेला त्यांचा आणि सहकाऱ्यांचा विस्तृत आढावा या रेणूसाठी प्रमाणग्रंथासारखा वापरला जातो. शेषनाथ भोसले मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात असताना त्यांच्या गटाने त्याच वर्षी एक वेगळा ग्राही जाहीर केला. मधोमध टेट्राफिनाइलएथिलीनचा पिळलेला गाभा आणि त्याच्या चार दिशांना चार डीपीपी, पंख्याच्या पात्यांसारखे. पाती पिळलेली असल्याने रेणू ताटांसारखे रचले जात नाहीत. सर्वसाधारण पॉलिमर दात्याबरोबर या घटाने १.१८ व्होल्टचा दाब दिला. त्याच दात्याबरोबर फुलरीन जेमतेम ०.६ व्होल्ट देतं. शेषनाथ भोसले पुढे गोवा विद्यापीठात आले, सिद्धनाथ भोसले हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश पाटील यांनी डीपीपीवर आधारलेल्या पॉलिमरांचं मोठं काम उभं केलं. हे सगळं मुख्य शर्यतीच्या थोडं बाजूला चाललं होतं. शर्यत बीजिंगमध्ये जिंकली गेली.

पेकिंग विद्यापीठाच्या झान शियाओवेई यांच्या गटाने २०१५ मध्ये आयटीआयसी नावाचा रेणू जाहीर केला. त्याची घडण सांगितली पाहिजे, कारण तिच्यात रंगविद्येचं सगळं शहाणपण आलं आहे. मधे सात कड्या एकात एक जोडलेला ताठ, सपाट कणा. हा इलेक्ट्रॉन देणारा. दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉन ओढणारे दोन गट. एकाच रेणूत मधून ढकल आणि टोकांकडून ओढ असली की तो लांब लहरींचा, तांबड्याकडचा प्रकाश शोषतो आणि आपल्या डोळ्यांना निळा दिसतो. ढकल-ओढीची ही युक्ती रंगारी रसायनतज्ज्ञांना शंभर वर्षं ठाऊक होती. कण्याच्या अंगावर चार केसाळ फांद्या, सपाटीच्या बाहेर डोकावणाऱ्या. त्या कण्यांना एकमेकांवर बसू देत नाहीत. फक्त उघडी टोकं शेजारच्या टोकांना भिडतात आणि इलेक्ट्रॉन टोकावरून टोकावर जात वाट काढतो. स्फटिक मोठे होत नाहीत, वाटही तुटत नाही. मला या रचनेतली ही एक गोष्ट सगळ्यांत सुंदर वाटते, की जवळ येऊ देणं आणि न देणं या दोन्ही गोष्टी एकाच रेणूवर वेगवेगळ्या जागी बसवल्या आहेत.

आणि ती टोकं कुठून आली? इंडेनडायोन या जुन्या रसायनापासून, जे करता येतं थॅलिक आम्लाच्या एस्टरपासून. ग्रेंजमाउथच्या फुटक्या भांड्यात जे घराणं उकळत होतं, त्याच घराण्यातलं हे पोर. टोक कण्याला जोडण्याची शेवटची पायरीही नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल क्नोवेनागेल यांनी शोधलेली, रंगांच्या कारखान्यांत रुळलेली अभिक्रिया ती. फ्लास्कमध्ये दोन्ही मिसळले की रंग चढत जातो आणि शेवटी गडद निळा उरतो.

आयटीआयसीच्या पहिल्या घटाने ६.८ टक्के दिले. हा आकडा फुलरीनच्या घटांपेक्षा कमीच होता, म्हणून अनेकांनी फारसं मनावर घेतलं नाही. वर्षभरात बीजिंगच्याच रसायनशास्त्र संस्थेत हौ जियानहुई यांच्या गटाने त्याला जुळणारा दाता दिला आणि आकडा ११.२ वर गेला. मग टोकांवर फ्लोरीनचे अणू बसवले, ओढ वाढली, रेणू आणखी लांब लहरी पिऊ लागला, आणि २०१७ मध्ये आकडा १३ टक्क्यांच्या आसपास पोचला. फुलरीनच्या वीस वर्षांनी जे केलं नव्हतं ते दोन वर्षांत झालं, कारण आता दाता आणि ग्राही दोघंही ऊन पीत होते आणि दोघांनाही एकमेकांना जुळवून घडवता येत होतं.

दुसरी उडी चांगशाच्या सेंट्रल साउथ विद्यापीठात झौ यिंगपिंग यांच्या गटाने घेतली. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी वाय-सिक्स जाहीर केला. आयटीआयसीच्या कण्याच्या मध्यभागी सगळीकडे देणारेच होते. झौ यांनी त्या मध्यात एक ओढणारा घटक बसवला आणि कण्याला किंचित बाक दिला. म्हणजे ओढ टोकांना आणि पोटातही. बाकामुळे रेणूंची रचना सर्व दिशांना सांधली गेली. शोषण दृश्य प्रकाशाच्या पलीकडे, ९३० नॅनोमीटरच्या जवळपास गेलं. एकाच थराच्या घटातून १५.७ टक्के मिळाले. आणखी एक धक्का होता. पूर्वी समजूत अशी की जोडी तुटायला दाता आणि ग्राही यांच्यात पातळीचा मोठा उतार लागतो, साधारण ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वाय-सिक्सच्या कुळाने अगदी थोड्या उतारावर ते करून दाखवलं, त्यामुळे व्होल्टेजची नासाडी कमी झाली. हे नेमकं कसं घडतं यावर अजूनही वाद चालू आहेत. २०२० मध्ये १८ टक्के ओलांडले गेले आणि त्यानंतरच्या चार वर्षांत वीसचा टप्पाही मागे पडला.

हे आकडे मात्र नखाएवढ्या घटांचे आहेत. छपरावर टिकण्याचा प्रश्न वेगळा, आणि डहाणूच्या ऊन-पावसात तर अधिकच. ग्रेंजमाउथचा निळा उन्हात विटत नव्हता; आयटीआयसीच्या घराण्यातला निळा विटतो. कण्याला टोक जोडणारा जो दुहेरी बंध आहे, तोच त्याचा कच्चा दुवा. अतिनील प्रकाश आणि शेजारच्या झिंक ऑक्साइडच्या थराची संगत मिळाली की तो बंध तिथेच तुटतो. जी जोडणी इतकी सोपी होती म्हणून रेणू घडला, तीच आधी सुटते. आता त्या जोडणीला कडीत बांधून टाकण्याचे, झिंक ऑक्साइडवर पातळ संरक्षक थर देण्याचे प्रयत्न चालू आहेत. दुसरा प्रश्न द्रावकाचा. विक्रमी घट बहुधा क्लोरोफॉर्म किंवा क्लोरोबेन्झीनमधून ओतले जातात. ही प्रयोगशाळेत वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात चालणारी गोष्ट. कारखान्यात टनांनी वापरायची नाही. म्हणून ऑर्थो-झायलीनसारख्या क्लोरीनविरहित द्रावकात तेच निकाल मिळवण्याची धडपड आहे.

इथे मला पुन्हा बोईसर आठवतं. असे रेणू कधी टनांनी घडवायचे झाले, तर ते घडवणारे हात, भट्ट्या आणि विद्या रंगांच्या कारखान्यांतलीच असेल. आणि त्यांचं सांडपाणी कुठे जातं हा प्रश्न इथल्या किनाऱ्याला नवा नाही. तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाच्या मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली होती. डहाणूने तर उशिराची किंमत मोजून पाहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. औष्णिक केंद्राच्या धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. ती चालू झाली २००७ मध्ये. तोवर केंद्र दहा वर्षांहून अधिक चालून गेलं होतं, आणि चिकूच्या वाड्या त्या चिमणीच्या वाऱ्याखालीच होत्या.

म्हणून मला वाय-सिक्सच्या विक्रमापेक्षा २०२१ ची एक बातमी जास्त महत्त्वाची वाटते. हौ जियानहुई यांच्या गटाने ए-फोर-टी-सोळा नावाचा ग्राही जाहीर केला. त्याच्या कण्यात एकात एक जोडलेल्या कड्या नाहीत. सुट्या कड्या साध्या बंधांनी जोडलेल्या आणि बाजूच्या फांद्यांच्या रेट्याने सपाट धरून ठेवलेल्या. कार्यक्षमता १५.२ टक्के, वाय-सिक्सच्या पहिल्या घटाच्या जवळपास. पण एकात एक कड्या जोडायला ज्या अनेक पायऱ्या लागतात, त्या इथे गळाल्या. प्रत्येक पायरीला भट्टी असते, द्रावक असतो, धुणं असतं, आणि धुण्याचं पाणी असतं. गळालेल्या पायरीचं पाणी कुठल्याच खाडीत जात नाही.